वाटेवरचे दगड आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई

आपल्या ग्रामदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या श्रमाने आणि दात्यांच्या उदार हस्ताने पुरा होत आहे. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीच्या चरित्राचे स्मरण करावे, हे सर्वांनाच उचित वाटेल. जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातल्या लहानथोर माणसाच्या मुखी आपोआप एक नाव येते, ते म्हणजे पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. त्यांचे चरित्र पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितले आहे. येथे ते एका निराळ्या वाटेने सांगावयाचे आहे. ती वाट आहे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या दगडांची.

दगड कशासाठी उभे राहिले

महाराष्ट्रातल्या कोणत्याही जुन्या गावात जा. वेशीपाशी, पाराजवळ, देवळाच्या आवारात किंवा गाडीवाटेच्या कडेला कोरीव दगड उभे असलेले दिसतात. काहींना शेंदूर फासलेला असतो, काही निम्मे जमिनीत गाडले गेलेले असतात, काहींवर बायका कपडे धुतात. येणारा-जाणारा हात जोडतो आणि पुढे जातो. पण तो दगड कोणाचा, हे विचारले तर सांगणारे फारसे कोणी उरलेले नसते.

हे दगड उगाच उभे केलेले नाहीत. ज्याच्यावर तीन-चार कप्पे कोरलेले असतात तो वीरगळ. त्याच्या सर्वांत खालच्या कप्प्यात झालेली लढाई किंवा लढाईत पडलेला वीर असतो. मधल्या कप्प्यात अप्सरा त्याला स्वर्गाकडे नेत असतात, आणि वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करीत असतो. शेजारी सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर या वीराची कीर्ती राहील, असा त्याचा अर्थ. गावची गुरे चोरून नेणाऱ्यांना अडविताना जो पडला, त्याचाही वीरगळ गावाने उभारला आहे. कोपरात काटकोनात वाकलेला, बांगड्या भरलेला हात ज्यावर कोरलेला आहे ती सतीशिळा. ज्यावर गाढवाचे चित्र आहे तो गधेगाळ; दान दिलेली जमीन जो बळकावील त्याला शाप देण्यासाठी तो उभा केलेला असे. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षे तो घाटवाटेवर जाणाऱ्या-येणाऱ्यांना दाने आणि यज्ञ यांची हकीकत सांगत उभा आहे.

ज्यांना पोथी लिहिता आली नाही त्यांचा इतिहास या दगडांनी राखला. अठराव्या शतकात एका मराठी स्त्रीने भरतखंडाच्या वाटांवर घाट, विहिरी, धर्मशाळा, छत्र्या, दरवाजे आणि देवळे यांच्या रूपाने अशाच खुणा ठेवल्या. त्या खुणांवरून चालत गेले तर तिचे सारे आयुष्य आपल्यापुढे उलगडते.

चौंडीची लेक

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात, सीना नदीच्या काठी आहे. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा २०२४ सालापासून त्यांच्याच नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखला जातो. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील होते. घर साधे, शेतीभातीचे आणि देवधर्माचे. मुलींना अक्षरओळख करून देण्याची रीत नसलेल्या त्या काळात माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकविले. पुढे राज्याचा कारभार चालविताना ही शिदोरी त्यांना फार उपयोगी पडली.

मल्हारराव होळकर हे मूळचे होळ या गावचे, धनगराच्या घरचे. स्वतःच्या पराक्रमाने ते थोरल्या बाजीरावांचे मातबर सरदार झाले होते आणि माळव्यात त्यांनी आपले बस्तान बसविले होते. चौंडीला त्यांचा मुक्काम पडला असता देवळात आलेल्या या चुणचुणीत मुलीवर त्यांची नजर गेली आणि हीच आपली सून व्हावी असे त्यांनी मनाशी ठरविले, असे सांगतात. १७३३ साली मल्हाररावांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी अहिल्याबाईंचा विवाह झाला. सासूबाई गौतमाबाई यांच्या हाताखाली त्या संसार आणि दौलत यांचे धडे गिरवू लागल्या. १७४५ साली पुत्र मालेराव आणि १७४८ साली कन्या मुक्ताबाई अशी दोन अपत्ये त्यांना झाली.

कुंभेरीची छत्री

अहिल्याबाईंच्या आयुष्यातली पहिली मोठी खूण दुःखाची आहे. १७५४ साली रघुनाथरावदादा आणि मल्हारराव यांनी जाटांचा राजा सूरजमल याच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला. भरतपूरजवळच्या या वेढ्यात मार्च महिन्यात किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या गोळ्याने खंडेराव ठार झाले. अहिल्याबाईंचे वय तेव्हा अवघे २८ वर्षांचे होते.

त्या काळच्या चालीप्रमाणे अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. एकुलता एक मुलगा गमावलेल्या मल्हाररावांनी सुनेपुढे पदर पसरला. आपला खंडू गेला, आता तूच माझा खंडू आहेस, तूही गेलीस तर या म्हाताऱ्याने कोणाकडे पाहावे, अशा अर्थाने त्यांनी तिला विनविले. लोकनिंदेची पर्वा न करता अहिल्याबाई मागे फिरल्या. चितेवरून परत फिरणे हे त्या काळी चितेवर चढण्यापेक्षा अवघड होते. पण त्या एका निर्णयाने पुढे लाखो लोकांना चाळीस वर्षे आईची छाया मिळाली.

कुंभेरीजवळ खंडेरावांची छत्री बांधली गेली. परमुलखात, आपले माणूस जेथे पडले तेथे दगडी खूण उभी राहिली. गावच्या वेशीवरचा वीरगळ आणि कुंभेरीची छत्री यांचे नाते जवळचे आहे. आकार लहानमोठा असेल, पण त्यांच्यामागचे मन एकच आहे.

मल्हाररावांची तालीम

मल्हाररावांनी सुनेला पडद्याआड बसविले नाही. वसूल, हिशेब, फौजेचा दाणागोटा, तोफखाना या साऱ्या गोष्टींत त्यांनी तिला तयार केले. स्वतः मोहिमेवर असताना तोफा आणि दारूगोळा कोठे पाठवावयाचा, मुक्काम कोठे करावयाचा, यांविषयी ते तिला पत्रे लिहीत आणि ती कामे बिनचूक होत. १७६१ साली पानिपतावर मराठ्यांचा मोठा संहार झाला. मोडलेली घडी पुन्हा बसविताना वृद्ध मल्हाररावांना सुनेचाच आधार होता.

२० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. हे गाव आज मध्य प्रदेशाच्या भिंड जिल्ह्यात आहे. सासऱ्यांची सुंदर छत्री अहिल्याबाईंनी तेथे उभारली. नातू मालेराव गादीवर बसले. पण त्यांची प्रकृती आणि चित्त दोन्ही ठीक नव्हते. वर्षभराच्या आतच, १७६७ साली, तेही निवर्तले. पती, सासरे आणि पुत्र, तिघेही गेले. मागे राहिल्या त्या अहिल्याबाई आणि त्यांची लेक.

अशा वेळी घरातलाच कारभारी उलटला. गंगाधर यशवंत चंद्रचूड याने एखादे मूल दत्तक घेऊन कारभार आपल्या हाती राहावा असा बेत केला आणि राघोबादादांना फौजेसह बोलाविले. अहिल्याबाई डगमगल्या नाहीत. शिंदे, भोसले आदी सरदारांशी त्यांनी संधान बांधले, आपली फौज सज्ज केली आणि राघोबांना निरोप धाडला. बाईमाणसाशी लढून तुम्ही जिंकलात तर त्यात कीर्ती नाही आणि हरलात तर जगात तोंड दाखवावयास जागा नाही, असा त्या निरोपाचा मथितार्थ होता. महादजी शिंदे आणि जानोजी भोसले यांनी राघोबांना साथ नाकारली. पेशवे थोरले माधवराव यांनी दौलतीचा अधिकार अहिल्याबाईंचाच असल्याचे मान्य केले आणि राघोबांना माघार घ्यावी लागली. रक्ताचा एक थेंबही न सांडता हा प्रसंग निभावला.

फौजेची सूत्रे त्यांनी तुकोजी होळकर यांच्याकडे सोपविली आणि मुलकी कारभार स्वतःकडे ठेवला. तुकोजी वयाने त्यांच्याहून मोठे. तरी ते अहिल्याबाईंना मातोश्री म्हणत. अधूनमधून कुरबुरी झाल्या, पैशावरून मतभेदही झाले. पण हा दुहेरी कारभार अहिल्याबाईंच्या अखेरपर्यंत चालला.

महेश्वरचा दरबार

अहिल्याबाईंनी राहण्यासाठी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. तेथे त्यांनी घाट बांधले, देवळे उभारली आणि विणकरांना आणून वसविले. महेश्वरी लुगड्याची कीर्ती आजही आहे, तिचे श्रेय त्यांचेच. त्यांचा स्वतःचा वाडा मात्र राजवाड्यासारखा भपकेदार नव्हता. महेश्वरला गेलेल्या माणसाला त्यांची बसण्याची साधी गादी आणि पूजेची जागा पाहून नवल वाटते.

त्यांचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे उजाडण्यापूर्वी उठून स्नान आणि पूजा, मग पुराणश्रवण, दानधर्म, ब्राह्मणभोजन आणि त्यानंतर स्वतःचे साधे जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास त्या दरबारात बसत, त्या दिवस मावळेपर्यंत. सायंपूजा आणि फराळ झाल्यावर रात्री नऊपासून अकरापर्यंत पुन्हा कागदपत्रे चालत. कोणाचीही तक्रार त्या स्वतः ऐकत. रयतेकडून वाजवीपेक्षा जास्त घेऊ नये, निपुत्रिक मेलेल्या माणसाची मालमत्ता सरकारजमा करून विधवेला उघड्यावर टाकू नये, असा त्यांचा बाणा होता.

येथे दात्यांना विशेष भावेल अशी एक हकीकत सांगावीशी वाटते. खरगोण गावात दोन सावकार भाऊ होते. दोघेही निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा आपली सारी संपत्ती घेऊन अहिल्याबाईंकडे आल्या आणि ती सरकारात जमा करून घ्यावी अशी विनंती त्यांनी केली. कोणताही राज्यकर्ता त्या काळी असा पैसा आनंदाने घेता. अहिल्याबाईंनी एक पैही घेतली नाही. हे धन तुमचे आहे, तुमच्या यजमानांचे नाव राहील आणि गावाचे कल्याण होईल अशा कामी ते लावा, असा सल्ला त्यांनी दिला. त्या पैशातून खरगोणला कुंदा नदीवर दगडी घाट आणि गणपतीचे देऊळ झाले. दान कशाला म्हणावे याचा हा धडाच आहे. त्या दोन भावांनी किती मिळविले ते विसरले गेले; घाटाच्या पायऱ्या मात्र गावाच्या उपयोगी पडल्या.

वाटसरूंची माउली

त्या काळी प्रवास म्हणजे जिवावरचे काम होते. विंध्य आणि सातपुड्याच्या खिंडींतून व्यापारी आणि यात्रेकरू जात, ते जीव मुठीत धरूनच. डोंगरात राहणारे भिल्ल वाट अडवीत आणि लूट करीत. अहिल्याबाईंनी आधी सामोपचाराने पाहिले, मग काही म्होरक्यांना कडक शासन केले. पण नुसत्या शिक्षेने पोटाची आग विझत नाही, हे त्या जाणून होत्या. म्हणून त्यांनी भिल्लांचा जुना हक्क मान्य केला. डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा हा हक्क, त्याला भिलकवडी म्हणत. पडीक जमिनीही त्यांना कसावयास दिल्या. त्याबदली आपापल्या हद्दीतली वाट सांभाळावी आणि चोरी झाल्यास माल शोधून द्यावा, अशी जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वाटमाऱ्यालाच वाटेचा राखणदार केले. राज्यकारभारातली ही शहाणीव आजच्या काळातही विचार करण्याजोगी आहे.

महेश्वरहून इंदूरकडे जावयाचे तर नर्मदेच्या खोऱ्यातून विंध्याचा उभा कडा चढून माळव्याच्या पठारावर यावे लागे. तेथे जाम या ठिकाणी अहिल्याबाईंनी मोठ्या कष्टाने आणि खर्चाने घाटाचा रस्ता करविला आणि कड्याच्या माथ्यावर भव्य दगडी दरवाजा बांधला. त्यावरच्या संस्कृत शिलालेखात शके १७१२, म्हणजे १७९१ सालच्या माघ महिन्याची मिती आहे. महूवरून मंडलेश्वर-महेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा जाम दरवाजा आजही उभा आहे. पावसाळ्यात ढग त्याच्या कमानीतून वाहतात आणि शेकडो लोक तो देखावा पाहावयास जमतात. कमानीखाली घटकाभर थांबून तो लेख कोणी करविला, कशासाठी करविला, एवढे जरी प्रत्येकाने जाणून घेतले तरी त्या दगडाचे सार्थक होईल.

उन्हाळ्यात रस्त्यावर माणसे नेमून वाटसरूंना पाणी देण्याची त्यांची व्यवस्था होती. थंडीच्या दिवसांत गोरगरिबांना कपडे वाटले जात. महेश्वरच्या आसपास नांगराला जुंपलेल्या बैलांनाही त्यांचा माणूस भर उन्हात थांबवून पाणी पाजी, आणि पाखरांनी पोटभर दाणे टिपावेत म्हणून उभी पिके विकत घेऊन राखून ठेवलेली असत. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या बाईलाच हे सुचावे. पाणपोई, बारव, धर्मशाळा, नदीवरचा घाट ही त्यांची आवडती कामे. देव देवळात आहे तसाच तो तहानलेल्या वाटसरूतही आहे, या श्रद्धेचे ते दगडी रूप होते.

काशी ते रामेश्वर

देवळांच्या बाबतीत त्यांनी आपल्या राज्याची सीमा मानली नाही. काशीचे विश्वनाथाचे देऊळ १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने पाडले गेले होते. शंभरावर वर्षे ते दुःख हिंदुस्थानच्या मनात सलत होते. १७८० साली अहिल्याबाईंनी जवळच्याच जागेवर नवे देऊळ बांधून विश्वनाथाची स्थापना केली. १७८३ साली सौराष्ट्रात प्रभासपाटण येथे, सोमनाथाच्या भग्न देवळापासून थोड्या अंतरावर, त्यांनी नवे देऊळ उभारले आणि मुख्य लिंग सुरक्षित राहावे म्हणून तळघरात बसविले. मूळ जागेवरच्या नव्या देवळात १९५१ साली प्राणप्रतिष्ठा झाली, तरी अहिल्याबाईंच्या देवळातली पूजा खंडित झालेली नाही. १७८७ साली गयेचे विष्णुपद मंदिर त्यांनी दगडात नव्याने बांधले.

आपल्या महाराष्ट्रात वेरूळच्या घृष्णेश्वराचे आजचे तांबड्या दगडाचे देखणे देऊळ होळकरांच्या घरच्या या दोन सासवा-सुनांची, गौतमाबाई आणि अहिल्याबाई यांची, पुण्याई आहे. चांदवडचा रंगमहाल मुंबई-आग्रा रस्त्यावरून जाणाऱ्यांना त्यांची आठवण देतो. पंढरीच्या वारकऱ्याला चंद्रभागेच्या काठचा होळकर वाडा ओळखीचा आहे. उत्तरेत केदारनाथ-बदरीनाथापासून दक्षिणेत रामेश्वरापर्यंत त्यांचा दानधर्म पोचला होता, आणि दूरदूरच्या देवळांतल्या देवांना गंगाजलाने अभिषेक व्हावा म्हणून कावडींची नियमित सोय त्यांनी केली होती.

एवढा पैसा कोठून आला, असा प्रश्न साहजिकच पडतो. होळकरांच्या दौलतीत सरकारी खजिना आणि खासगी असे दोन भाग होते. खासगी म्हणजे घरच्या स्त्रियांच्या हक्काचे उत्पन्न. धर्मकार्याचा खर्च अहिल्याबाईंनी या खासगीतून केला. रयतेच्या वसुलाला आणि फौजेच्या पैशाला त्यासाठी हात लावला नाही. मल्हाररावांनी मागे ठेवलेल्या संपत्तीवर त्यांनी तुळशीपत्र ठेवले होते, असे परंपरेने सांगतात. दोन हिशेब कधी एकत्र करावयाचे नाहीत, हा त्यांचा नेम होता. देवळाचा पैसा सांभाळणाऱ्या प्रत्येक पंचाने आणि खजिनदाराने हा नेम मनात कोरून ठेवावा.

त्यांनी नुसती देवळे बांधून सोडून दिली नाहीत. पूजाअर्चा, दिवाबत्ती, अन्नछत्र यांसाठी कायमची नेमणूक करून दिली. देऊळ बांधणे सोपे असते, पण रोज सायंकाळी तेथे दिवा लागत राहणे अवघड असते. त्यांची दृष्टी त्या दिव्यापर्यंत गेली.

शेवटची छत्री

लोकांसाठी एवढे करणाऱ्या या माउलीच्या स्वतःच्या घरात मात्र एकेक दिवा विझत गेला. लेक मुक्ताबाई यशवंतराव फणसे यांना दिली होती. तिचा मुलगा नथोबा हा आजीच्या डोळ्यांतला तारा. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ साली जावईही वारले आणि मुक्ताबाई सती जावयास निघाली. आईने लेकीचे पाय धरले, परोपरीने विनविले. ज्या सासऱ्याच्या शब्दाखातर आपण चितेवरून मागे फिरलो, तोच शब्द आज आपल्या तोंडी आला आणि तो मात्र लेकीने ऐकला नाही. दोन ब्राह्मणांनी धरून ठेवलेल्या अवस्थेत, उघड्या डोळ्यांनी, त्यांनी लेकीला अग्नीत जाताना पाहिले. तीन दिवस अन्नाचा कण पोटात गेला नाही आणि तोंडातून शब्द फुटला नाही. मग त्यांनी लेकीच्या नावाने महेश्वरला सुंदर छत्री बांधली आणि पुन्हा दरबारात येऊन बसल्या. जाम दरवाजावरच्या लेखाचे सालही १७९१च आहे, हे लक्षात घेतले म्हणजे मन गलबलून येते. वाटसरूसाठी दरवाजा आणि लेकीसाठी छत्री, एकाच वर्षाच्या या दोन खुणा आहेत.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे, वयाच्या ७१ व्या वर्षी, अहिल्याबाईंनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. १८१७ साली महिदपूरच्या रणात होळकरांच्या फौजेशी लढलेला हा माणूस, म्हणजे तो काही होळकरांचा भाट नव्हता. खेड्यापाड्यांत चौकशी करताना, जो तो अहिल्याबाईंचे नाव भक्तिभावाने घेतो, हे पाहून त्याला प्रथम शंका आली. त्याने नाना जातीधर्मांच्या लोकांना विचारले आणि सर्वांकडून तेच ऐकले. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानविषयीच्या आपल्या ग्रंथात त्याने त्यांची मुक्तकंठाने वाखाणणी केली आहे. शत्रूकडून मिळालेली पावती तीच खरी पावती.

त्यानेच नोंदवून ठेवलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. एका विद्वान ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून त्यांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्यास फर्माविले. स्तुतीचा ग्रंथ नर्मदेने नेला. घाट, विहिरी आणि देवळे मात्र राहिली.

आपल्या वेशीवरचा दगड

अलीकडच्या काळात त्यांच्या नावाचे पुष्कळ स्मरण झाले आहे. १९९६ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. २०१९ साली सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. २०२१ साली काशीविश्वनाथाच्या विस्तारलेल्या परिसरात त्यांचा पुतळा बसविण्यात आला. २०२५ साली त्यांच्या जन्माला ३०० वर्षे पुरी झाली आणि ती साऱ्या देशाने साजरी केली. हे सारे यथायोग्यच झाले. परंतु त्यांच्या चरित्रापासून गावाने घ्यावयाचा बोध पुतळ्यापाशी संपत नाही.

गावोगाव आज देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत. भाविकांची श्रद्धा वाढत आहे, लोकांच्या हाती चार पैसे आले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण कित्येक ठिकाणी जुने देऊळ उतरविताना पुरातन वीरगळ पायात भरले जातात. शिलालेखावर तैलरंगाचा जाड थर बसतो किंवा त्याच्यावर फरशी येते. सतीशिळा रस्ता रुंद करताना बाजूला फेकली जाते आणि पुढच्या वर्षी ती कोणाच्या तरी बांधाला लागते. कोणी दुष्टपणाने हे करीत नाही. तो दगड काय सांगतो हे ठाऊक नसते, एवढेच. एकदा तो मोडला की त्या वीराचे, त्या दात्याचे, त्या बाईचे नाव जगातून कायमचे पुसले जाते. कारण दुसरीकडे कोठेही ते लिहून ठेवलेले नसते.

म्हणून ग्रामस्थ बंधुभगिनींनो, देवळाच्या कामाबरोबर एवढे काम आपण सर्वांनी मनावर घ्यावे. वेशीत, ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर असे जे दगड असतील त्यांची मोजदाद करावी. ते जागेवर सुरक्षित असतील तर तेथेच राहू द्यावेत; नसतील तर देवळाच्या आवारात जोते बांधून त्यावर मानाने उभे करावेत. त्यांना रंग लावू नये, सिमेंटने लिंपू नये, अक्षरे घासूनपुसून काढण्याचा प्रयत्न करू नये. लेख असल्यास जाणकारांकडून वाचवून घ्यावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. शेजारी एक साधी पाटी लावावी. तिच्यावर खात्रीने जेवढे माहीत असेल तेवढेच शुद्ध मराठीत लिहावे. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव म्हणून लिहावी. शाळेच्या मुलांना वर्षातून एकदा तेथे नेऊन त्या दगडाची हकीकत सांगावी.

ज्या दात्यांनी या कार्यास हातभार लावला त्यांची नावे देवळाच्या भिंतीवर कोरली जातील, ती जावीतच. गावाची कृतज्ञता अशीच व्यक्त होते. मात्र ज्यांनी पाचशे-सातशे वर्षांपूर्वी याच देवासाठी आणि याच गावासाठी काही केले, कोणी जमीन दिली, कोणी प्राण दिला, त्यांचे दगड आपल्या नव्या पाटीच्या आधी मानाचे आहेत. आपण त्यांचे दगड राखले तर आणखी दोनशे वर्षांनी आपली पाटी राखण्याची बुद्धी पुढच्यांना होईल.

अहिल्याबाईंनी मोडलेले उभे केले, वाटेवरच्या परक्या माणसाला आपले मानले आणि पैशाचा चोख हिशेब ठेवला. या तीन गोष्टी ज्या गावाने अंगी बाणविल्या त्या गावाचा जीर्णोद्धार खऱ्या अर्थाने पुरा झाला. ग्रामदैवताच्या कृपेने आपल्या हातून हे घडो, आणि देवदर्शनाला येणारा प्रत्येक वाटसरू आपल्या गावच्या वाटेवर पोटभर पाणी, घटकाभर सावली आणि गावाची खरी हकीकत घेऊन पुढे जावो, हीच पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या चरणी प्रार्थना.